शिंकेचा पुरावा

१८९२ साली जर्मन शास्त्रज्ञ फायफर यांनी इन्फ्ल्यूएन्झाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले आणि बहुतेक डॉक्टर त्यावर विसंबून राहिले. १९१८ च्या साथीत एकट्या हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे दगावली. कित्येक रोग्यांत तो जंतू आढळेना; तरीही लशी जंतूंच्याच बनत राहिल्या!

१९३३ च्या हिवाळ्यात लंडनमध्ये साथ पुन्हा उसळली. स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी रोग्यांच्या गुळण्यांचे पाणी, जंतूही अडकतील अशा गाळणीतून काढून, फेरेट नामक मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात सोडले. थोड्याच दिवसांत त्यास ताप चढला, शिंका सुटल्या. खरा अपराधी जंतूहून कितीतरी सूक्ष्म होता, तो विषाणू.

१९३६ साली असाच एक आजारी फेरेट स्टुअर्ट-हॅरिस या तरुण डॉक्टरांच्या तोंडावरच शिंकला. लवकरच तेही अंथरुणास खिळले आणि त्यांच्यापासून तोच विषाणू मिळाला. दारेखिडक्या लावून घेतलेल्या घरात हिवाळ्यात काय घडते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता? नाकातोंडास रुमाल, रोग्यास निराळी हवेशीर खोली, धुतलेले हात ही पथ्ये जुनीच. त्यांचे कारण मात्र त्या प्राण्याने दाखविले. पुढील दशकात विषाणूची लस आली. विषाणू रूप पालटतो, म्हणून ती दरवर्षी नव्याने टोचून घ्यावी लागते.