कोशकाराचे पेन्शन

मराठी वाचकाला डॉ. सॅम्युएल जॉन्सन अगदीच परका नाही. त्याच्या ‘रासेलस’ या कथेचे भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी हाती घेतले व विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. पुढे ‘निबंधमाले’त विष्णुशास्त्र्यांनी या इंग्रज पंडितावर विस्तृत निबंधही लिहिला. तथापि ज्या ग्रंथाने जॉन्सनचे नाव झाले तो कथेचा नव्हे, काव्याचाही नव्हे. तो होता शब्दकोश. कोशासारख्या रुक्ष ग्रंथातही त्याने जागोजाग थट्टा पेरून ठेविली, आणि त्या थट्टेतील एका शब्दाने पुढे त्याचीच परीक्षा पाहिली. तो शब्द म्हणजे ‘पेन्शन’.

आपल्याकडे पेन्शनीत निघणे म्हणजे चाकरी नीट पार पाडून मानाने घरी बसणे. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावाला बिठुरास मिळालेले सालीना आठ लाख रुपयेही पेन्शनच म्हटले जात. पण त्यात मान किती व अपमान किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. अठराव्या शतकातील इंग्लंडात मात्र राजाने अगर मंत्र्याने आपल्या मर्जीतल्या माणसाला सालीना बांधून दिलेली रक्कम म्हणजे पेन्शन, आणि तिच्या मोबदल्यात लेखणी किंवा मत विकत घेतले जाते, असा लोकांचा सर्रास समज होता.

१७४६ साली लंडनच्या काही पुस्तकविक्रेत्यांनी जॉन्सनशी इंग्रजी भाषेच्या कोशाचा करार केला. रक्कम १,५०० गिनी. मदतनिसांचा पगारही त्यातूनच भागवावयाचा. लिचफील्ड गावच्या एका पुस्तकविक्रेत्याचा हा मुलगा, दारिद्र्यामुळे ऑक्सफर्डचे शिक्षण अर्धवट सोडून आलेला. फ्रेंच अकादमीच्या चाळीस विद्वानांना ज्या कामी पन्नासहून अधिक वर्षे लागली, ते काम हा एकटा तीन वर्षांत उरकणार होता! फ्लीट स्ट्रीटनजीक गफ स्क्वेअरमधील घराच्या माळ्यावर त्याने सहा लेखनिक बसविले. तीन वर्षांची नऊ झाली. मध्येच १७५२ मध्ये त्याची पत्नी वारली. पुढच्या वर्षी दुसऱ्या खंडास हात घालताना त्याने लिहिलेली प्रार्थना उपलब्ध आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याची चाल त्याच्या पंथात नव्हती. पण पत्नीच्या आत्म्यासाठी तो जन्मभर प्रार्थना करीत राहिला.

१५ एप्रिल १७५५ रोजी कोश दोन जाडजूड खंडांत बाहेर पडला. सुमारे ४२,००० शब्द, आणि त्यांचे प्रयोग दाखविण्यासाठी थोर ग्रंथकारांची लाखाहून अधिक अवतरणे. बहुतेक अर्थ नेमके व गंभीर आहेत. परंतु वाचकांच्या तोंडी राहिले ते निराळेच. ओट हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात व स्कॉटलंडात माणसांना पोसते, असा त्याने अर्थ दिला; आणि गंमत अशी की हे त्याचे सहा लेखनिक होते ना, त्यांतले पाच स्कॉटलंडचेच होते. कोशकार म्हणजे कोणाला उपद्रव न देणारा हमाल, असे म्हणून त्याने स्वतःचीही वासलात लावली. अबकारी कराला मात्र त्याने नुसते चिमटे काढले नाहीत; तो कर द्वेषास पात्र व तो वसूल करणारे भाडोत्री अधम, असे लिहून टाकले. त्याच्या वडिलांना चर्मपत्राच्या धंद्यापायी त्या खात्याचा जाच सोसावा लागला होता. खात्याच्या अधिकाऱ्यांनी बदनामीचा खटला करता येईल काय म्हणून सरकारी वकिलाचा सल्लादेखील घेतला. पण प्रकरण तेवढ्यावरच मिटले.

‘आश्रयदाता’ या शब्दाच्या अर्थात अशीच एक जखम आहे. कोशाचा आराखडा जॉन्सनने १७४७ मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड याला उद्देशून लिहिला होता. त्या उमरावाने पुढे सात वर्षे विचारपूस केली नाही आणि ग्रंथ निघण्याच्या सुमारास वृत्तपत्रात स्तुतिपर लेख लिहिले. जॉन्सनने ७ फेब्रुवारी १७५५ रोजी त्याला जे पत्र धाडले ते इंग्रजी गद्यातील प्रसिद्ध पत्रांपैकी एक आहे: बुडणाऱ्याकडे काठावरून स्वस्थ पाहावयाचे आणि तो तडीस लागल्यावर मदतीची लुडबूड करावयाची, यालाच आश्रय म्हणावयाचे काय, अशा आशयाचे. त्याच वर्षी आपल्या एका जुन्या कवितेत विद्वानाच्या हालअपेष्टांमध्ये ‘माळा’ हा शब्द होता, तो काढून त्याने तेथे ‘आश्रयदाता’ हा शब्द घातला.

असा मनुष्य ‘पेन्शन’चा अर्थ काय देणार? इंग्लंडात या शब्दाने देशद्रोहाबद्दल सरकारी भाडोत्र्याला दिलेले वेतन समजले जाते, असे त्याने छापले. आणि सातच वर्षांनी, १७६२ मध्ये, तिसऱ्या जॉर्ज राजाच्या वतीने लॉर्ड ब्यूट याने त्याला सालीना ३०० पौंडांचे पेन्शन देऊ केले!

जॉन्सन तेव्हा बावन्न वर्षांचा होता. कोशाचे पैसे कधीच संपले होते. ‘रासेलस’ तर आईच्या अंत्यविधीचा खर्च भागविण्यासाठी लिहावी लागली होती. तो चित्रकार रेनल्ड्सकडे सल्ल्यास गेला. तुमची व्याख्या तुम्हांस लागू पडत नाही, असे रेनल्ड्सने सांगितले. ब्यूटनेही हे पुढे काही करावे म्हणून नसून आजवर केले त्याबद्दल आहे, असा निर्वाळा दिला. जॉन्सनने पेन्शन स्वीकारले. जॉन विल्क्सने आपल्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्रात त्याचीच व्याख्या त्याच्या तोंडावर फेकली.

विल्क्सची टीका केवळ द्वेषाची होती, असे म्हणून सुटका होत नाही. १७७० मध्ये जॉन्सनने विल्क्सच्याच प्रकरणी सरकारची बाजू घेणारी पुस्तिका लिहिली, आणि १७७५ मध्ये अमेरिकन वसाहतींच्या विरुद्ध दुसरी. ती मते त्याची पूर्वीपासूनची होती. राजसत्तेकडे त्याचा ओढा तरुणपणापासूनचा. पण दुसऱ्या पुस्तिकेच्या मजकुरावर मंत्र्यांचा हात फिरला, हेही खरे आहे. त्याने लेखणी विकली असे म्हणणे अन्यायाचे होईल. ती पूर्वीइतकीच मोकळी राहिली असे म्हणणेही धाडसाचेच.

या दोन पुस्तिकांच्या दरम्यान, १७७३ मध्ये, कोशाची चौथी आवृत्ती त्याने स्वतः तपासून काढली. पहिल्या आवृत्तीत घोड्याच्या खुरालगतच्या भागाच्या नावाचा अर्थ त्याने ‘गुडघा’ असा दिला होता. असे कसे झाले, म्हणून एका बाईंनी विचारले असता निव्वळ अज्ञानामुळे, असे तो सरळ म्हणाला होता. ती चूक त्याने दुरुस्त केली. ‘पेन्शन’वर नजर गेली असेलच, अकरा वर्षे तो ते घेत होता. तेथील अर्थ मात्र त्याने होता तसा राहू दिला.

त्या पैशावर त्याच्या घरी बरीच माणसे जगत होती: अंध ॲना विल्यम्स, गरिबांची दवापाणी करणारा लेव्हेट, आणि जमेकात गुलामीत जन्मलेला फ्रान्सिस बार्बर, जो १७५२ पासून त्याच्याजवळ होता. १३ डिसेंबर १७८४ रोजी जॉन्सन वारला व राजाचे पेन्शन थांबले. आपल्या मृत्युपत्रात त्याने बार्बरला सालीना ७० पौंड बांधून दिले होते.