त्रिवेंद्रमच्या शाळेतला धडा

अमेरिकेचा इतिहास शिकवताना एक प्रसंग मी दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी सांगताना अडखळतो.

फेब्रुवारी १९५९ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग महिनाभरासाठी भारतात आले. माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराचा हा नेता तेव्हा अवघा तीस वर्षांचा होता. पंतप्रधान नेहरूंनी त्यांना घरी जेवायला बोलावले होते. पुढे ते केरळात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत गेले. तिथली बहुतेक मुले पूर्वास्पृश्य कुटुंबांतली. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली : हे अमेरिकेतले आपले अस्पृश्य बांधव.

किंग क्षणभर दुखावले. ४ जुलै १९६५ रोजी अटलांटाच्या आपल्या चर्चमधील प्रवचनात त्यांनीच ही कबुली दिली. मग त्यांना देशातले दोन कोटी काळे बांधव, त्यांच्या कोंदट वस्त्या, त्यांचे दारिद्र्य आठवले. आपणही अस्पृश्यच आहोत, हे त्यांनी स्वतःशी मान्य केले.

मी घरातला पहिला पदवीधर. स्टाफरूममध्ये कुणी 'तुमचे लोक' म्हटले की माझ्याही कपाळावर आठी येते. ही चीड कशाची? अपमानाची, की आपल्याच माणसांत मोजले जाण्याची? शिवी म्हणून फेकलेला शब्द परत फेकलाच पाहिजे. पण त्या शाळेत तोच शब्द नाते सांगत होता.

हा धडा घ्यायला किंग सातासमुद्रापार आले. मित्रहो, आपली वस्ती तर कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर आहे.