नॉर्मन क्रॉसची हाडांची जहाजे

सतराव्या शतकात इंग्लंडच्या नौदल मंडळासाठी जहाजांच्या ज्या लाकडी प्रतिकृती तयार होत, त्यांना खेळणे म्हणण्याचे कोणाच्या मनातही आले नसते. फुटाला पाव इंच, म्हणजे मूळ जहाजाच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाने त्या बेतलेल्या असत आणि आतील बरगड्यांची रचना दिसावी म्हणून सांगाड्याचा खालचा भाग बहुधा फळ्या न मारता उघडाच ठेवीत. १६६० साली या मंडळाच्या चिटणिशीवर नेमणूक झालेल्या सॅम्युअल पेपिसला जहाजाचे अंगोपांग ठाऊक नव्हते. दोन वर्षांनी प्रतिकृती समोर ठेवून त्याने ते शिकून घेतले आणि पुढे त्या जमविण्याचा त्याला नादच लागला. दप्तरातील वस्तू शौकाची झाली ती अशी. परंतु प्रतिकृती घडविण्यातील श्रम आणि क्रीडा यांची सरमिसळ जिथे सर्वांत दाट झाली, ते ठिकाण मात्र एक कैदखाना होते.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धात पाडाव झालेल्या खलाशांची संख्या आवाक्याबाहेर गेली तेव्हा, लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पीटरबरो शहराजवळ नॉर्मन क्रॉस येथे, केवळ युद्धकैद्यांसाठी म्हणून लाकडी बराकींची एक विस्तीर्ण छावणी इंग्रज सरकारने घाईघाईने उभारली आणि १७९७ च्या वसंतात तिथे कैदी येऊ लागले. अधिकाऱ्यांना वचनावर आसपासच्या गावांत राहण्याची मुभा मिळे. सामान्य खलाशाच्या वाट्याला शिधा, पहारा आणि सरता न सरणारा वेळ एवढेच येई. मधला अल्पकाळचा तह वगळता १८१४ पर्यंत हा क्रम चालला आणि सुमारे १,७७० कैद्यांचा तिथेच अंत झाला.

या माणसांनी जे निर्माण केले ते पाहून मती गुंग होते. शिध्यातील मांस संपल्यावर उरलेली मेंढ्यांची व गुरांची हाडे ते उकळून, घासून पांढरी शुभ्र करीत, त्यांच्या पातळ पट्ट्या कापून लाकडी सांगाड्यावर एकीला एक भिडवून बसवीत, केसासारख्या बारीक धातूच्या खिळ्यांनी त्या जखडीत आणि मग नाळेवरची मूर्ती, तोफांच्या रांगा, डोलकाठ्या आणि दोरखंडांचे सारे जाळे यांनी ते वीतभर-हातभर जहाज सजवीत. दिएपसारख्या फ्रेंच बंदरात हस्तिदंती कोरीवकामाची जुनी परंपरा होती, तेव्हा कैद्यांपैकी काही हात आधीच तयार असले पाहिजेत. पण नकाशा हाताशी नसल्याने डोलकाठ्या पुष्कळदा प्रमाणाबाहेर उंच झाल्या, आणि मला तर या चुकीचेच अप्रूप वाटते, कारण डेकवर उभे राहून मान वर करणाऱ्या खलाशाच्या आठवणीत त्या तेवढ्याच उंच असणार.

छावणीच्या दरवाजाशी पहाऱ्यात बाजार भरे आणि तिथे कैद्यांचा माल रोकड देऊन विकत घेतला जाई. गवताच्या काड्यांची वेणी विणून विकण्यास मात्र सरकारने मनाई केली होती, कारण त्यामुळे टोप्या विणून पोट भरणाऱ्या इंग्रज गरिबांच्या रोजगारावर गदा येत होती. म्हणजे सरकारच्या लेखी कैद्यांचा हा सारा व्यवहार उघड उघड धंदाच होता. आणि तरीही यांतील कित्येक जहाजांच्या पिछाडीला दोऱ्या ठेवलेल्या आढळतात, त्या ओढल्या की बाजूच्या तोफा आत जातात आणि सोडल्या की पुन्हा बाहेर येतात. गिऱ्हाइकाला रिझविण्यासाठी ही युक्ती केली असेल हे खरे; पण एवढ्याशा पोटात ती यंत्रणा बसविणाऱ्याने पहिली दोरी स्वतः ओढून पाहिली नसेल, हे मला पटत नाही.

याच्या उलट प्रवास १९४२ साली अमेरिकेत घडला. शत्रूचे विमान नजरेने ओळखण्याच्या शिक्षणासाठी तेथील नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लक्ष विमान-प्रतिकृती मागविल्या. प्रमाण बहात्तरास एक ठरले, म्हणजे एक इंच बरोबर सहा फूट, आणि पस्तीस फुटांवर धरलेली प्रतिकृती सुमारे अर्ध्या मैलावरील खऱ्या विमानाएवढी दिसे. कालपर्यंत मौजेखातर लाकूड तासणाऱ्या पोरांना आता सरकारी नकाशाबरहुकूम माल द्यावा लागला आणि त्याबद्दल मानाच्या पदव्यांची प्रमाणपत्रेही मिळाली.

माझ्या मते, माप दुसऱ्याचे असेल तोवर ते काम, आणि त्या मापापलीकडे करणारा आपखुशीने जातो तिथून खेळ सुरू होतो. नॉर्मन क्रॉसचे कैदी भुकेपोटी कामाला लागले आणि बंदिवासातही त्या पलीकडच्या मुलखात पोहोचले. लंडनहून एडिंबरोकडे आगगाडीने जाणाऱ्या मराठी प्रवाशाने वाटेत पीटरबरोला अवश्य उतरावे, तिथल्या संग्रहालयात ही जहाजे जपून ठेवली आहेत. आणि शिडांकडे पाहण्याआधी जहाजाच्या पिछाडीच्या त्या दोऱ्या शोधाव्यात.