कुंपण आणि शेत

शरीराला स्वतःच्याच नाशाचे भय असते, असे पाउल एर्लिश याने विसाव्या शतकाच्या आरंभी सांगितले. पुढच्यांनी त्याचा अर्थ, कुंपण शेत खाणारच नाही, असा करून घेतला. पण ते खाते. ल्युपस या विकारात प्रतिपिंडे मूत्रपिंडाच्या गाळण्यांत साचतात, गाळण्या सुजतात, प्रथिने लघवीवाटे जातात. आमच्या उमरग्याकडे मुलीच्या तोंडावर सूज आली की नजर लागली म्हणतात. अंगाऱ्याधुपाऱ्यांत जे महिने जातात तेवढ्यात गाळण्या वठतात. म्हणून तर हा इतिहास सांगावयाचा.

निशिझुका आणि साकाकुरा यांनी १९६९ साली तीन दिवसांच्या उंदरिणींची थायमस ग्रंथी काढली. त्यांची बीजांडे नष्ट झाली. म्हणजे कुंपणाला आवरणारे कोणी या ग्रंथीतून निघत असले पाहिजे! पुढे ‘दमनकारी पेशीं’चा पुष्कळ गाजावाजा झाला आणि पुराव्याअभावी ऐंशीच्या दशकात तो विषयच बदनाम झाला. शिमोन साकागुची मात्र चिकटून राहिले. १९९५ साली त्यांनी या पेशींची खूण दाखविली. त्या वगळून उरलेल्या पेशी टोचल्या तेव्हा उंदरांच्या अनेक अवयवांवर हल्ला झाला, त्यांत मूत्रपिंडही होते. ब्रंकॉ व रॅम्सडेल यांनी २००१ साली संबंधित जनुक हुडकले. तिघांना २०२५ चे नोबेल मिळाले.

या पेशी वाढविण्यासाठी इंटरल्यूकिन-२च्या अल्प मात्रेचे प्रयोग ल्युपसच्या रुग्णांवर झाले आहेत. स्टेरॉइड मात्र चोरासंगे शिपायालाही दडपते. पण आज तेही हवेच. आणि लघवी तपासायला मुंबई गाठावी लागत नाही.