राहणाऱ्याच्या हातचे काम : सहकारी घरांच्या दुरुस्तीचा इतिहास

अनेक कुटुंबांच्या सामाईक मालकीच्या इमारतीत राहणारा एखादा सुतार, गवंडी किंवा प्लंबर त्याच इमारतीची दुरुस्ती करतो आणि त्याबद्दल सर्वांच्या वर्गणीतून मोबदला घेतो, तेव्हा तो एकाच वेळी मालकही असतो आणि मजूरही. आज महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये अशा कामाकडे बहुधा संशयाने पाहिले जाते. परंतु सामूहिक निवासाच्या आरंभकाळी हीच पद्धत त्या व्यवस्थेचे बळ मानली जात होती. बळाचे रूपांतर संशयात कसे झाले, हे समजून घेतल्याशिवाय आजच्या नियमांचा हेतू नीट उमगत नाही.

या पद्धतीचे एक आरंभीचे उदाहरण लंडनमध्ये आढळते. ऑक्टेव्हिया हिल यांनी १८६५ मध्ये लेखक जॉन रस्किन यांच्या पैशातून मॅरिलेबोन भागातील मोडकळीस आलेली घरे व्यवस्थापनासाठी घेतली आणि गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा देत ती सुधारून दाखवली. प्रत्येक घराच्या दुरुस्तीसाठी वर्षाची रक्कम ठरलेली असे आणि मोडतोड टाळून त्यातून जे उरेल ते भाडेकरूंना हव्या असलेल्या सोयींवर खर्च केले जाई. रंगसफेदी व डागडुजीची कामे त्या शक्यतो मंदीच्या दिवसांसाठी राखून ठेवत व बेकार झालेल्या भाडेकरूंना देत. जिने आणि बोळ घासण्याचे काम तिथल्याच मोठ्या मुलींना मजुरी देऊन सोपवले जाई. ज्या मुलीने जिना घासला, ती तो घाण होऊ देत नसे, हा यातला खरा लाभ होता. मात्र काम देणारी व्यक्ती येथे भाडेकरूंपैकी नव्हती. कोणाला काम द्यायचे आणि ते नीट झाले की नाही, याचा निर्णय हिल आणि त्यांच्या सहकारी स्त्रियाच करत.

पुढचे पाऊल १९०१ मध्ये पश्चिम लंडनच्या ईलिंग भागात पडले. जनरल बिल्डर्स या सहकारी बांधकाम संस्थेतील कामगारांनी, मूळचे सुतार असलेल्या हेन्री व्हिव्हियन यांच्या प्रेरणेने, ‘ईलिंग टेनंट्स’ ही संस्था स्थापन केली आणि स्वतःला राहण्यासाठी घरे बांधण्यास घेतली. मालमत्ता संस्थेची, सभासद तिचे भागधारक आणि भाडेकरूही, आणि खर्च भागून उरलेला नफा भाड्याच्या प्रमाणात सभासदांच्या नावे जमा, अशा या रचनेला भाडेकरू सहभागीदारी म्हणतात. खर्च जितका कमी तितका लाभांश अधिक असल्यामुळे घराची काळजी घेणे प्रत्येकाच्या हिताचे ठरले.

हाच नमुना मुंबईत आला तो वेगळ्या परिस्थितीत. १८९६च्या प्लेगनंतर दाट वस्तीच्या चाळींचे धोके उघड झाले आणि १८९८ मध्ये सुधारणा न्यास (इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट) स्थापन होऊन नवे रस्ते व भूखंड आखले जाऊ लागले. १९०४चा सहकार कायदा केवळ पतसंस्थांपुरता होता. १९१२च्या कायद्याने इतर प्रकारच्या संस्थांनाही वाट मोकळी करून दिली. त्यानंतर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. ईलिंगच्या संस्थापकांच्या हाती करवत आणि थापी होती, तर मुंबईच्या या नव्या संस्थांचे सभासद प्रामुख्याने नोकरदार आणि व्यावसायिक मध्यमवर्गीय होते. इंग्लंडातून रचना आली, पण कारागिरी आली नाही. त्यामुळे सभासदाचे योगदान हिशेब, पत्रव्यवहार आणि सभा यांच्या रूपाने मानद सचिवाकडे गेले आणि हाताचे काम बाहेरच्या कंत्राटदाराकडे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० हा २६ जानेवारी १९६२ पासून अमलात आला आणि पुढील दशकांत उपनगरांमध्ये गृहनिर्माण संस्थांचे जाळे पसरले. आता सभासदांत विद्युत कारागीर, रंगकाम करणारे आणि बांधकाम कंत्राटदारही आले आणि राहणाऱ्यालाच मोबदला देऊन काम द्यावे का, हा जुना प्रश्न नव्याने उभा राहिला. नियमांनी त्याचे उत्तर पदाच्या अंगाने दिले: संस्थेच्या करारात पदाधिकाऱ्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असू नये. आदर्श उपविधींनी, म्हणजे शासनाने संस्थांसाठी तयार केलेल्या नमुना नियमावलीने, दुरुस्ती निधीसाठी प्रत्येक सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के इतकी वार्षिक वर्गणी सांगितली आणि समितीला स्वतःच्या अधिकारात किती खर्च करता येईल याची सभासदसंख्येनुसार मर्यादा घातली. त्यापलीकडच्या खर्चाला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते.

ही दक्षता किती आवश्यक आहे, ते गच्चीच्या एकाच कामावरून स्पष्ट होते. मुंबईत गळती थांबवण्यासाठी गच्चीवर ब्रिकबॅट कोबा घालतात: जुना थर खरवडून विटांचे तुकडे सिमेंटच्या मसाल्यात उताराने बसवतात, पाणी साठवून काही दिवस चाचणी घेतात आणि मग वरचा थर देतात. तो थर पडला की खाली सिमेंट किती गेले, खरवडणे पुरते झाले की नाही, हे कोणालाही दिसत नाही. दोष उघडा पडतो तो पावसाळ्यात, वरच्या मजल्याच्या छतावर, आणि तोवर बिल चुकते झालेले असते. अशा वेळी काम करणारा, ते मोजणारा आणि धनादेशावर सही करणारा एकच माणूस असेल, तर त्याचा प्रामाणिकपणाही सिद्ध करता येत नाही आणि निष्कलंक सभासदावर कायमचा डाग राहतो. नियम संस्थेच्या पैशाइतकेच त्या सभासदाच्या अब्रूचेही रक्षण करतात.

म्हणून शेजाऱ्याच्या हातच्या कामावर सरसकट फुली मारणे हे या इतिहासाचे सार नव्हे. मॅरिलेबोनच्या जिन्यांवर राहणाऱ्याच्या कष्टाने आपुलकी निर्माण केली. ती आजच्या संस्थांनाही हवी आहे. काम जाणणाऱ्या सभासदाने समितीबाहेर राहून इतरांसोबत लेखी दरपत्रक द्यावे, निवड सभेने करावी, मोजमाप त्रयस्थ अभियंत्याने घ्यावे आणि रकमेचा काही भाग पहिला पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा. काम देणे, काम करणे आणि काम तपासणे या तीन जबाबदाऱ्या वेगवेगळ्या माणसांकडे राहिल्या, तर सभासदाला मोबदला घेताना संकोच वाटण्याचे कारण नाही आणि संस्थेला तो देताना शंका घेण्याचेही.