पंडिता रमाबाई : हरवत गेलेली माणसे, न सुटलेला देव

आपल्यापैकी बहुतेकांची पंडिता रमाबाईंशी ओळख शाळेच्या पुस्तकातली. विधवांसाठी 'शारदा सदन' काढणारी विदुषी, एवढे लक्षात असते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला हे एका वाक्यात येते आणि पुढचे वाक्य दुसऱ्या विषयाकडे वळते. पण एवढी दुःखे सोसून त्या कशाच्या बळावर उभ्या राहिल्या, याचे उत्तर त्या गाळलेल्या भागातच आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि पत्नीने ते रमेला. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. १८७४ च्या सुमारास दुष्काळात सारे संपले. भीक मागायची नाही आणि अंगमेहनतीची सवय नाही. वडिलांनी जलसमाधीचा निश्चय केला, तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की मी मजुरी करीन, पण हे होऊ देणार नाही. तरीही वडील वाचले नाहीत. मरणापूर्वी त्यांनी रमेला जवळ घेऊन सांगितले की मी तुला देवाच्या हाती दिले आहे, जन्मभर त्याचीच सेवा कर. पाठोपाठ आई गेली. तिला खांदा द्यायला माणसे पुरेनात, म्हणून रमा पुढे झाली. उंची कमी, म्हणून तिने आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला. मग मोठी बहीणही गेली.

उरलेली दोघे भावंडे पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी रमेला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीही गेला. वय तेवीस, कडेवर मनोरमा.

१८८३ मध्ये डॉक्टर होण्याच्या इच्छेने त्या इंग्लंडला गेल्या. कमी ऐकू येत असल्याने ते शक्य झाले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. इथे दुःख संपले आणि सुख सुरू झाले, असे मात्र समजू नका. सोबत आलेल्या मैत्रिणीने तिथेच आत्महत्या केली होती. शिवाय धर्मगुरूंशी वाद सुरू झाले. बाईंनी पुरुषांना शिकवू नये, असे बिशप म्हणत. रमाबाईंना ते पटेना. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, संस्कृत का नको, असे त्यांनी विचारले. शाकाहार त्यांनी सोडला नाही. देव मानला, पण देवाच्या नावाने हुकूम करणारी माणसे त्यांनी सहज मानली नाहीत.

अमेरिकेतल्या वाचकांना पुढचा भाग जवळचा वाटेल. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला रमाबाई हजर होत्या. वर्षभरात आनंदीबाई गेल्या. रमाबाई मात्र गावोगावी व्याख्याने देत राहिल्या, आणि १८८७ मध्ये बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी संस्था उभी राहिली. आनंदीबाईंच्या पदवीला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, ११ मार्च १८८९ रोजी, मुंबईत शारदा सदन उघडले. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करणाऱ्या गोदूबाई तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी.

सदन पुण्याला आले आणि १८९३ मध्ये वादळ उठले. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांना ख्रिस्ती केले जाणार, असा आरोप झाला. 'केसरी'ने टीका केली, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी होती असे म्हणता येत नाही. काही मुली पुढे खरोखरच ख्रिस्ती झाल्या. पण आपली प्रार्थना दार लावून करायला रमाबाई तयार नव्हत्या, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली.

याच काळाबद्दल त्यांनी नंतर लिहिले की बाप्तिस्म्याने मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायला पुढे आठ वर्षे लागली. एवढे उघडपणे सांगणारे विरळाच.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. उपाशी पोटी रस्त्याने चालणे म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होते. पुण्याजवळ केडगावला 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि संख्या दीड हजाराच्या पुढे गेली. शेती, विणकाम, छापखाना, सारे बायकाच चालवीत. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत.

रमाबाईंनी शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. बायबल साध्या बाईला समजेल अशा मराठीत हवे, हा त्यांचा आग्रह होता. काम संपत आले असताना जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीच्या हाती सारे सोपवायचे, तीच गेली. साठी ओलांडलेल्या, थकलेल्या रमाबाई पुन्हा कामाला बसल्या, भाषांतर पुरे केले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. 'मुक्ती'च्या छापखान्यातून संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.

आता वडिलांचे शेवटचे शब्द पुन्हा आठवून पाहा. अनंतशास्त्र्यांच्या मनात ख्रिस्त नव्हता. मुलीची वाट पाहून त्यांना कदाचित दुःखच झाले असते. पण रमाबाईंनी ते शब्द स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले. वडिलांची आज्ञा आपण मोडली असे त्यांना वाटत नव्हते. तुम्ही हिंदू असा की ख्रिस्ती, त्यांचा मार्ग तुम्हाला पटो वा न पटो, एवढे मान्य करावे लागते: श्रद्धेने त्यांचे एकही दुःख टळले नाही, आणि एकाही दुःखाने त्यांची श्रद्धा सुटली नाही. प्रत्येक मरणानंतर त्यांच्या घरात आणखी काही परक्या मुली जेवायला बसल्या.

यंदा दिवाळीत मुलांना आनंदीबाईंची गोष्ट सांगाल, तेव्हा त्या समारंभात बसलेल्या या दुसऱ्या मराठी बाईचीही सांगा. आणि सांगताना तिचा देव गाळू नका.