एक पडदा की अनेक? हेडफोनमधल्या एका जुन्या वादाचा इतिहास

हल्ली ईअरफोनच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो. चार ड्रायव्हर, आठ ड्रायव्हर, बारा ड्रायव्हर. जितके ड्रायव्हर जास्त तितकं गाणं खरं, असं समजून लोक दामदुप्पट पैसे मोजतात. गाणं शिकणारी मुलंसुद्धा रियाजाच्या रेकॉर्डिंगसाठी पैसे साठवून असा आकडा विकत घेतात. म्हणून आज हा आकडा आला कुठून, ते पाहू.

ड्रायव्हर म्हणजे हेडफोनमधला आवाज काढणारा भाग. नेहमीच्या प्रकारात लोहचुंबक, तारेचं वेटोळं आणि थरथरणारा पडदा असतो. सुरुवात एकाच ड्रायव्हरने झाली. अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन यांनी १९१० साली स्वयंपाकघरात बसून बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाने घेतले. त्यांचं काम बिनतारी संदेश ऐकण्याचं, संगीताचं नव्हे. १९३७ मध्ये जर्मनीत बायर कंपनीचा डीटी ४८ आला, त्यात चुंबक-वेटोळ्याचा डायनॅमिक ड्रायव्हर होता. १९५८ मध्ये मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी स्टीरिओ संगीतासाठी हेडफोन काढला. तिथेही प्रत्येक कानाला एकच छोटा स्पीकर.

आता तुम्ही विचाराल, घरातल्या चांगल्या स्पीकरमध्ये खर्जाला मोठा आणि तार सप्तकाला छोटा असे वेगळे ड्रायव्हर असतात, मग हेडफोनमध्ये का नकोत? कारण माणसाला ऐकू येणाऱ्या आवाजाचा पल्ला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ. म्हणजे सर्वांत लांब लहर १७ मीटरची आणि सर्वांत आखूड १७ मिलिमीटरची. खोली खर्जाने भरायची तर पुष्कळ हवा हलवावी लागते, तिथे मोठा पडदा हवा. पण मोठा पडदा उंच सूर सगळीकडे पसरवत नाही, सरळ समोर फेकतो. म्हणून स्पीकरमध्ये कामाची वाटणी झाली. हेडफोनला खोली भरायची नसते. कानाजवळची मूठभर हवा हलली की खर्ज ऐकू येतो, आणि कान तर पडद्यासमोरच असतो. ज्या अडचणींमुळे वाटणी झाली, त्या इथे बऱ्याच अंशी नाहीतच.

उलट वाटणीची किंमत इथे जास्त आहे. स्पीकरपासून आपण दोन-तीन मीटर लांब बसतो, तेवढ्यात दोन्ही ड्रायव्हरचे आवाज मिसळतात. हेडफोनमध्ये हे अंतर दोन-तीन सेंटिमीटरचं. ६,००० हर्ट्झची लहर सुमारे ५.७ सेंटिमीटरची असते. दोन ड्रायव्हर तोच सूर वाजवत असतील आणि त्यांच्या कानापर्यंतच्या अंतरात २.९ सेंटिमीटरचा फरक पडला, तर ते एकमेकांना खोडतात.

तंबोऱ्याचंच घ्या. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवलं, की त्याच्या घोडीमुळे तारेतून असे उपस्वरही उमटतात, जे छेडण्याच्या जागेवरून पाहता उमटायलाच नकोत. जवारीची गंमत या उपस्वरांच्या झुपक्यात आहे. एकाच तारेचा खालचा भाग एका ड्रायव्हरकडे आणि वरचा दुसऱ्याकडे गेला, आणि जोड नीट बसला नाही, तर तंबोरा दुभंगल्यासारखा वाटतो.

मग अनेक ड्रायव्हर आले का? प्रयोग म्हणून व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीने १९७०च्या दशकाच्या शेवटी के ३४० मध्ये डायनॅमिक आणि स्थिरविद्युत असे दोन प्रकार एकत्र केले. पण खरं कारण १९९५ साली रंगमंचावर मिळालं. ध्वनितंत्रज्ञ जेरी हार्वी यांनी ढोलवादक ॲलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले. श्रवणयंत्रात वापरतात तसले इवलेसे बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर कानाच्या साच्यात बसले. असा एकटा ड्रायव्हर सगळा पल्ला गाठू शकतो. १९९१ चा एटिमॉटिक ईआर-४ त्याचा दाखला. पण गजबजलेल्या मंचावर खर्जही दणदणीत आणि वरचे सूरही स्वच्छ हवे, तर इवल्या ड्रायव्हरवर ताण येतो. म्हणून काम दोघांत वाटलं गेलं. गरज मंचाची होती. आकडा मात्र बाजारात स्वतंत्रपणे वाढत गेला.

इकडे एका ड्रायव्हरची वाट बंद पडली नव्हती. २००९ चा सेनहायझर एचडी ८०० हा ५६ मिलिमीटरच्या एकाच कंकणाकृती ड्रायव्हरवर उभा होता. आणि २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोन मोजले, तेव्हा किंमत आणि सुरांचा समतोल यांत नातं दिसलं नाही.

माझं मत सांगतो. अनेक ड्रायव्हर वाईट नव्हेत. नीट जुळवले तर उत्तम वाजतात. पण ड्रायव्हरची संख्या ही गुणवत्ता नव्हे, तो निर्मात्याने निवडलेला मार्ग आहे. घ्यायला जाल तेव्हा आकडा बाजूला ठेवा. तंबोऱ्यावर गायलेलं, तुमच्या चांगल्या परिचयाचं एखादं रेकॉर्डिंग लावा. जवारी एकसंध ऐकू येते का, तबल्याच्या डग्ग्याची घुमक आणि चाटीचा टणत्कार एकाच हातांतून आल्यासारखे वाटतात का, एवढं तपासा. आणि आवाज बेताचाच ठेवा. ड्रायव्हर बदलता येतो, कान बदलता येत नाहीत. भेटू पुढच्या भागात.